एका नजरेत ओळखलेला साप

माझे काका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. हुद्दा मदतनीसाचा, तोरा मात्र प्राचार्यांचा. कपाटातल्या बरण्यांत औषधी पाण्यात ठेवलेले साप होते आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काकांच्या अक्षरात. आसपास कुठेही साप निघाला की लोक त्यांनाच बोलावत. चष्मा कपाळावर सारून ते एकदाच बघत आणि नाव सांगून मोकळे होत. "मला माहीत नाही" असं ते कधी म्हणाल्याचं आठवत नाही. काकू म्हणायची, "मीठ कुठंय तेसुद्धा यांना माहीत असतं, फक्त सापडत नाही."

कॉलेजचा माळी त्यांचा जिवाभावाचा मित्र. दुपारचा चहा दोघं बरण्यांसमोर बसून घेत.

एके दुपारी माळी बादली घेऊन आला. पालापाचोळा उचलताना बोटाला साप चावला होता. बादलीत तो मारलेला साप, वीतभर लांब, तपकिरी, अंगावर काळे पट्टे. बोटावर दोन बारीक ओरखडे. सूज नाही, कळ नाही.

"दवाखान्यात जाऊ का रे?"

काकांनी बरणीकडे बोट केलं. "विषारी तपकिरी साप तो बघ. अंगावर एक पट्टा नाही. तुझा बिनविषारी आहे. हात धू आणि चहा घे, निवतोय."

माळ्याने चहा घेतला. तासाभरात तो रोपांमध्ये कोसळला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या जातीच्या पिल्लांना पट्टे असतात, मोठं होताना ते जातात. बरणीत मोठा साप होता. पिल्लाचं चित्र पुस्तकात होतं आणि पुस्तक त्याच कपाटात, बरण्यांच्या मागे. मला काकांचा भयंकर राग आला. पान उलटायला असा किती वेळ लागला असता?

त्यानंतर ते कुणाच्या बोलावण्याला गेले नाहीत. वर्षभराने माळ्याच्या बायकोचा फोन आला, तेव्हा मात्र उठले. मी सोबत गेले. न्हाणीघराच्या कोपऱ्यात तपकिरी वेटोळं होतं. काका चष्मा डोळ्यांवर ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"कोणता आहे, भाऊजी?"

"मला माहीत नाही, वहिनी. दार लावून घ्या, साप पकडणाऱ्यांना बोलावू."

"तुम्हाला माहीत नाही?"

"त्या दिवशीही नव्हतं," काका म्हणाले.