लोखंड ऐकणारे गौतमराव

गौतमरावांची आणि माझी पहिली गाठ माकणीच्या धरणावर पडली, आणि ती भांडणानं पडली. मी तिथं चौकीदार होतो. एका सकाळी पाहतो तर कानाला हेडफोन लावलेले एक गृहस्थ पाणी सोडायच्या दरवाजाजवळ, लोखंडी कठड्याला बटणाएवढं काहीतरी चिकटवून, डोळे मिटून बसलेले. मला घाम फुटला. धरणाला काही झालं तर आधी चौकीदाराची मान धरतात.

"काय करायलाव तुमी?" मी ओरडलो.

"लोखंड ऐकायलोय."

"लोखंड बोलतंय व्हय?"

"बोलायलंय की. तुमी गप बसलाव तर."

माझ्या वरिष्ठांची परवानगीची चिठ्ठी त्यांच्या खिशातच होती, पण ती त्यांनी शेवटी दाखवली. अशानं माणसाचा रक्तदाब वाढतो. त्यांची ही सवय साठाव्या वर्षीही गेलेली नाही. महत्त्वाची गोष्ट ते नेहमी शेवटी सांगतात. या सवयीनं पुढं काय घडलं ते याच लेखात येणार आहे.

त्यांच्या साठीच्या गौरव समितीनं मला बजावलं आहे, "नाना, चांगलं तेवढंच लिवा." मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. निवडून लिहायची कला मला येत नाही. जसं आहे तसं लिहितो.

गौतमराव मूळचे साउंडवाले. जयंतीला, लग्नाला त्यांचेच स्पीकर असत. पुढं त्यांनी कॉम्प्युटरवर स्वतःचं संगीत करायला घेतलं. कोणत्याच कंपनीच्या दारात गेले नाहीत. स्वतःच बनवतात, स्वतःच इंटरनेटवर टाकतात, आणि परदेशातली माणसं ते ऐकून त्यांना पत्रं पाठवतात. आमच्या भागातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर दर रविवारी संध्याकाळी त्यांचा 'कानोसा' लागतो. त्यात गाणं नसतं. ज्वारीच्या रानातला वारा, पिठाची गिरणी, बैलगाडीचा आस, आणि त्याखालून त्यांच्या कीबोर्डचा एकेक सूर लांबवलेला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेडिओ बिघडला असं समजून त्याला दोन थापा मारल्या होत्या.

निवृत्तीनंतर मी आपल्या गावी, सास्तूरला आलो आणि ते मला आवाज टिपायला सोबत नेऊ लागले. त्यांची रीत ठरलेली. आधी मशिनीत गावाचं नाव आणि वेळ बोलायची, मग वीस मिनिटं कुणी शब्द काढायचा नाही. ऊन चढतंय, मोटारसायकल रस्त्याला लावली आहे, वीस मिनिटं गप कसं बसायचं? मी दर वेळी विचारायचो, "झालं का?" गौतमरावांनी ते कधीच कापलं नाही. मी चिडून म्हणालो, "माझा आवाज काढून टाका." ते म्हणाले, "नाना, तुमी तिथं होताव. मग न्हवताव असं कसं म्हणू?" आता सातासमुद्रापार कुणीतरी आमच्या तेरणाकाठचे बेडूक ऐकतं आणि मध्येच माझं "झालं का?" ऐकतं. बाजारात पोरंसुद्धा मला तेच विचारतात.

आता मुख्य गोष्ट. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर बसलं. आम्ही वाचलो, पण तेव्हापासून मी स्लॅबखाली झोपलो नाही. लेकानं पुढं चांगलं घर बांधलं. त्यात सगळी झोपतात. माझी खाट अंगणातल्या पत्र्याखाली. पाऊस असो, थंडी असो. जमिनीतून 'गुर्र' झालं की माझे पाय माझं ऐकत नाहीत. आमच्या भागात हे पुष्कळांचं आहे, कुणी बोलून दाखवत नाही इतकंच.

एका रविवारी सुनेनं स्वयंपाकघरात नवा मोठा स्पीकर लावून 'कानोसा' सुरू केला. मी जेवायला आत बसलो होतो. त्या दिवशी गौतमरावांना वाटलं, लोकांनी आधी नुसतं ऐकावं, गावाचं नाव शेवटी सांगू. झालं! खालून घुमत घुमत असा आवाज आला की फळीवरची भांडी वाजायला लागली. मी ताट लाथाडून पळालो. "भायेर या! भायेर या!" माझ्या ओरडण्यानं सगळी गल्ली बाहेर आली. आणि आतून आमच्या मंडळींचा आवाज, त्यांचे गुडघे गेलेले, त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "आवं, रेडू हाय त्यो! आन मला हितंच टाकून एकलेच पळालाव व्हय?"

तो आवाज माकणीच्या दरवाजाचा होता. कठड्याला चिकटवलेल्या त्या बटणाएवढ्या माइकनं लोखंडाच्या आतून टिपलेला. ज्या दरवाजापाशी मी वीस वर्षं काढली, त्याचाच आवाज मला ओळखता आला नाही, आणि मी बायकोला टाकून पळालो. याची शरम मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी गौतमराव आले. गल्लीनं त्यांना नाही नाही ते ऐकवलं, आणि मी सर्वांत जास्त. ते हात जोडून उभे राहिले. "चूक माझी हाय. कार्यक्रम बंद करतो," म्हणाले. मी म्हणालो, "करा." आमच्या मंडळी दारातूनच म्हणाल्या, "बंद कशाला? आदी नाव सांगा, मंग वाजवा की. ह्यांचं भ्या काय रेडू बंद करून जाणार हाय?"

तेव्हापासून गौतमराव आधी नाव सांगतात. आणि त्या दिवसापासून कित्येक महिने, रोज सकाळी, ते दहा मैलांवरून माझ्याकडं येत राहिले. एक हेडफोन त्यांच्या कानाला, एक माझ्या. "घाबरू नका" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. आवाज आला की विचारायचे, "सांगा, कुठून आला?" हा उसाचा ट्रॅक्टर. हे बोअरचं मशीन. हा खाणीतला सुरुंग. हा लग्नातला, तेरखेड्याच्या कारखान्यातला फटाका. मी चुकलो की उठून दोघांनी तिथवर चालत जायचं आणि पाहून यायचं. माझ्या चपला झिजल्या.

एकदा मी विचारलं, "आन खरा भूकंप कसा वळखायचा?" ते म्हणाले, "ते मला येत न्हाय, नाना. येतंय म्हणलं तर खोटं हुईल." दुसऱ्या कुणी धीर देण्यासाठी काहीतरी सांगितलं असतं. त्या दिवसापासून त्यांच्या बाकीच्या शब्दांवर माझा भरवसा बसला.

यंदा मी खाट आत नेली. दाराशीच, पाय उंबऱ्याकडं करून, पण स्लॅबखाली. आवाज आला की फोन त्या दिशेला धरून मी गौतमरावांना ऐकवतो. ते म्हणतात, "डंपर हाय, पडा निवांत." मी पडतो.

आता समितीला शुभेच्छा हव्या आहेत. पण हा माणूस उन्हात टोपी घालत नाही, वेळेवर जेवत नाही, वायरी गळ्यात घालून पाण्यात उतरतो आणि डॉक्टरांकडं जा म्हटलं की हसतो. गौतमराव, सर्वांसमक्ष सांगतो. तब्येत तपासून घ्या, टोपी घ्या, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त जगा. फोन उचलायला तुम्ही नसलात तर मला खाट पुन्हा अंगणात काढावी लागेल, आणि आता ती उचलायचं बळ माझ्या अंगात राहिलेलं नाही.