मेरीगोल्डची दुपारची पाळी

पोर्टलंडच्या पूर्व भागातल्या सार्वजनिक तरणतलावाचं छप्पर गळायला लागलं आणि महापालिकेने तलावाला कुलूप घातलं. मार्नी टॉलेफसनची पाण्यातली नोकरी अशी पाण्यात गेली.

छातीइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना व्यायाम शिकवायचा, हे तिचं काम. कुणाचा खुबा बदललेला, कुणाचा खांदा आखडलेला. मार्नी काठावर उभी राहून इतक्या खणखणीत आवाजात आकडे म्हणायची, की पलीकडच्या टोकाला ऐकण्याचं यंत्र काढून ठेवलेल्या आजीबाईसुद्धा बरोबर पाय उचलायच्या. वय एकोणतीस, मांड्या दणकट, खांदे त्याहून दणकट.

तलाव गेल्यावर तिने एका बेकरीत काम धरलं. तिथे भल्या पहाटे उठावं लागे, ते सुटलं. मग एका टेलिफोन कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या. तिथे तिच्या आवाजाचीच तक्रार आली. साहेब म्हणाला, "तू गिऱ्हाइकांना हुकूम सोडतेस." ते खरंच होतं.

एका दुपारी ती 'पाइनकोन'मध्ये जेवायला गेली. पाइनकोन हा स्ट्रिप क्लब, पण त्याचं स्टेक इतकं चांगलं आणि स्वस्त, की आजूबाजूचे सुतार, टपालवाले, दातांच्या दवाखान्यातल्या बायका, सगळे तिथे जेवायला जात. मार्नीही आधी दोनचारदा गेली होती. त्या दिवशी मात्र ती खाताखाता थांबली. मंचावर एक चाळिशी ओलांडलेली बाई खांबाभोवती सावकाश फिरत होती, जणू तिला कुठे जायची घाईच नाही. एखाद्याला पोहताना पाहून आपण जसं मनाशी म्हणतो, तसं मार्नी म्हणाली, हे मला जमेल.

थोड्या वेळाने तीच बाई ढगळ लोकरी स्वेटर घालून बाजूच्या टेबलावर कोशिंबीर खायला बसली. नाव ओडेसा. निदान क्लबमध्ये तरी ओडेसा. मार्नीने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"इथं काम मिळवायचं तर काय करावं लागतं?"

ओडेसाने तिला पायांपासून वरपर्यंत पाहिलं. "आधी काय करत होतीस?"

"म्हाताऱ्यांना पाण्यात उड्या मारायला लावायचे."

"मग अर्धं काम येतंच तुला," ओडेसा म्हणाली आणि काट्याने बारकडे खूण केली. "ती चष्मेवाली ग्लेनिस. तिला विचार. आणि संध्याकाळ मागू नकोस. संध्याकाळी सगळ्या विशीतल्या पोरी असतात. दुपार माग."

ग्लेनिस क्लबची व्यवस्थापक. तिने वयाचा दाखला पाहिला आणि म्हणाली, "उद्या ये. दोन गाणी नाचून दाखव. नाव काय लावणार?"

"जास्मिन?"

"आहे एक."

"स्कार्लेट?"

"दोन आहेत. एकमेकींशी बोलत नाहीत."

मार्नी विचारात पडली. बारच्या खिडकीत कुणीतरी मरायला टेकलेल्या झेंडूची कुंडी ठेवली होती. "मेरीगोल्ड," ती म्हणाली. ग्लेनिसने खांदे उडवले. "म्हातारीचं नाव वाटतं. पण दुपारी चालेल."

त्या संध्याकाळी मार्नीने वीतभर टाचांचे बूट आणले आणि ते घालून भांडी घासली, केर काढला, कपडे घड्या करून ठेवले. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने वर येऊन विचारलं, घोडा पाळलाय का. सकाळी तिने आंघोळ केली, पाय गुळगुळीत केले आणि नववधूच्या काळजीने अंगभर कोकोचं लोणी चोळलं. इथेच घात झाला.

पहिलं गाणं ठीक गेलं. दुसऱ्या गाण्यात कपडे उतरवायचे होते. त्याची तिला भीती नव्हती. तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत वर्षानुवर्षं सगळ्या वयाच्या बायकांच्या घोळक्यात तिने ओला पोशाख उतरवला होता. अंग म्हणजे अंग. अडचण निराळीच निघाली. बघायचं कुणाकडे? तिथल्या बायका आपापल्या टॉवेलात गुंतलेल्या असायच्या. इथे चार माणसं तिच्याचकडे बघत होती आणि त्यांच्याकडे परत बघणं तिला जमेना. म्हणून ती खांबाकडे वळली, दोन्ही हातांनी तो धरून वर चढली, मांड्यांनी मिठी मारली आणि ओल्या साबणाच्या वडीसारखी सरळ खाली आली.

धप्प आवाज झाला. सूप पिणाऱ्या एका माणसाचा चमचा हवेतच राहिला. गाणं चालूच होतं. मार्नी मंचावर बसलेली, पाय पुढे पसरलेले. आणि तिच्या तोंडून, सवयीने, तलावावरच्या आवाजात निघालं, "आणि उजवा पाय वर. गुडघा सरळ. पोट आत. आणि डावा." तिने पाय उचललेही. सरळ, उंच, न थरथरता, तालावर. सूपवाला हसला आणि त्याने खरोखरच पोट आत घेतलं. ती गाणं संपेपर्यंत बसूनच नाचली.

खाली उतरली तेव्हा कान तापले होते. ग्लेनिस म्हणाली, "पडलीस छान. सोमवारपासून ये."

ओडेसा मागच्या खोलीत केस विंचरत होती. "खांबाला कातडी चिकटते गं, लोणी नाही. कोरडं अंग लागतं."

"काल का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कुठे. आणि एकदा पडलेलं बरं असतं. ती भीती तरी उरत नाही." मग तिने कंगवा खाली ठेवला. "भुवयांच्या मधोमध बघायचं. त्यांना वाटतं डोळ्यांत बघतेस. तुला वाटतं भिंतीकडे बघतेय. दोघंही खूश."

नाचणं महिन्याभरात जमत गेलं. न जमलं ते गिऱ्हाइकांच्या टेबलाशी जाऊन बसणं. मंचावरून उतरून लोकांशी दोन शब्द बोलायचे, मग कुणीतरी बाजूच्या कोपऱ्यात एकट्यासाठी नाच मागायचा, आणि दिवसाची खरी कमाई तिथे. मार्नी बसायची, बोलायची आणि माणूस बिल मागवून निघून जायचा. असं आठवडाभर झालं. नाचणाऱ्यांनीच क्लबला द्यायचं असलेलं जागेचं भाडं देऊन ती घरी जाताना बसभाड्यापुरतं उरायचं. एकदा तर तिने एका क्रेनवाल्याला पाठीचा कणा ताठ ठेवून बसायला लावलं.

"तू त्यांना शिकवायला जातेस," ओडेसा म्हणाली. "तो माणूस सकाळपासून मुकादमाचं ऐकून आलाय. त्याला आणखी एक मुकादम कशाला?"

"मग बोलू काय?"

"कुत्रा आहे का विचार. आणि मग गप्प बस."

मार्नीने विचारलं. क्रेनवाल्याकडे म्हातारी कुत्री होती, पिकल्स नावाची, मोतीबिंदू झालेली. त्याने पिकल्सबद्दल सांगितलं, मग बायको सोडून गेली तेव्हा कुत्री कुणाकडे राहिली ते सांगितलं, मग लाजत म्हणाला, एक नाच पाहू का. गप्प बसण्यात एवढं काम असतं हे मार्नीला त्या दुपारी कळलं. तिला आवडलंही ते.

सगळेच क्रेनवाल्यासारखे नसत. एका पावसाळी दुपारी एकाने मंचाच्या कडेवरून हात पुढे करून तिचा घोटा धरला आणि सोडेना. दारावरचा माणूस नेमका बाहेर गेलेला. मार्नी घाबरली, पण घाबरली की तिचा आवाज वर चढतो. "हात वर!" तिने असं खडसावलं की त्या माणसाने दोन्ही हात वर केले, त्याच्या शेजारच्यांनी केले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणाऱ्या आचाऱ्यानेही चिमट्यासकट केले. त्या माणसाला मग ग्लेनिसने दार दाखवलं. आचारी पुढे महिनाभर मार्नी दिसली की हात वर करायचा. तिला हसू यायचं, पण त्या पावसाळी दिवशी रात्री घरी तिने तो घोटा पुन्हा पुन्हा धुतला होता, हे तिने फक्त ओडेसाला फोन करून सांगितलं. ओडेसा म्हणाली, "होतं तसं. उद्या नको येऊस. परवा ये." ती परवा गेली.

आणि मग पहिल्यांदाच मंगळवारची पाळी मिळाली त्या दिवशी, मंचावर चढता चढता, तिला एल्मर प्रुइट दिसले. निवृत्त पोस्टमन, दोन्ही खुबे बदललेले, तिच्या तलावातल्या पहिल्या रांगेतले. समोर स्टेक, गळ्यात रुमाल. दोघांची नजरानजर झाली. एल्मरनी मान वर केली आणि पूर्ण वेळ छताकडे बघत बसले. स्टेक गार झालं. मार्नीने भुवयांच्या मधोमध बघायचा प्रयत्न केला, पण भुवयाच छताकडे होत्या.

कपडे घालून ती त्यांच्या टेबलाशी गेली. टाळणं जास्त वाईट दिसलं असतं.

"एल्मर, मान आखडेल तुमची."

"आखडलीच आहे," एल्मर म्हणाले. "तलाव बंद झाल्यापासून सगळंच आखडलंय. तू बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"कुणी जबरदस्ती वगैरे?"

"नाही हो. मला आवडतं."

त्यांनी गळ्यातला रुमाल नीट केला. "मी दर मंगळवारी येतो इथं. बायको गेल्यापासून. आता तू असशील तर बुधवारी येत जाईन. तुला अवघडायला नको."

"बुधवारीही मीच असते."

"मग गुरुवारी," एल्मर म्हणाले आणि गार स्टेक कापायला लागले. जाताना त्यांनी दुमडलेली नोट इतरांसारखी मंचावर न टाकता तिच्या हातात दिली, दाराशी उभ्या असलेल्या टपालवाल्याला नाताळात देतात तशी. आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ते उलटं लटकायचं जे करतेस, तेवढंच पाहिलं मी. पोट छान आत होतं."

एल्मरना भेटल्यावर मार्नीला वाटलं, आता घरी सांगायला हवं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी.

तिचे आईवडील किनाऱ्यावर कूस बे नावाच्या गावात राहत. वडील, आर्ने, मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. दिवसाला दहा वाक्यं बोलले तर त्या दिवशी काहीतरी बिघडलंय असं घरचे समजत. आई, जोलीन, त्यांच्या वाटणीचंही बोलायची. मार्नीने रविवारी फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. बेकरी सुटली, टेलिफोन सुटला, आता क्लबमध्ये नाचते, कपडे काढून, दुपारी.

आई गप्प. आई गप्प बसल्याचं मार्नीला आठवतच नव्हतं.

"उंच टाचा घालतेस?" शेवटी आईने विचारलं.

"हो."

"आपल्या घराण्यात गुडघे लवकर जातात, माहीत आहे ना? तुझ्या आत्याचं बघ." मग वेगळ्या आवाजात, "कुणी हात लावतं का गं?"

"लावला होता एकाने. त्याला हाकललं."

"बरं. बाबांना मी सांगते. तू नको."

पुढचे कित्येक रविवार वडील फोनवर आले नाहीत. आई म्हणायची, गॅरेजमध्ये आहेत. मार्नी विचारायची, काय करतायत. आई म्हणायची, गॅरेजमध्ये आहेत.

मार्नीने मनाला लावून घेतलं नाही असं दाखवलं. मधल्या काळात तिने घरी सरावासाठी खांब घेतला होता, छत आणि जमिनीच्या मध्ये दाबून बसवायचा, स्वस्तातला. तो तिसऱ्याच दिवशी सुटला. मार्नी सोफ्यावर पडली म्हणून वाचली, पण दिव्याचा चुराडा झाला. हे तिने आईला हसत हसत सांगितलं.

पुढच्या शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात आर्ने. हातात अवजारांची पेटी, खांद्यावर गुंडाळलेलं काहीतरी लांब. इतके तास गाडी चालवून आलेला माणूस, पण "कॉफी आहे?" एवढंच म्हणाले.

कॉफी पिता पिता त्यांनी तो मोडका खांब हातात घेऊन पाहिला, पेचावर नख फिरवलं आणि बाजूला ठेवला. "हा पडदे लावायला ठीक आहे."

मग शिडीवर चढून ते छताला बोटांच्या पेरांनी टकटक करत फिरले. पोकळ, पोकळ, भरीव. भरीव आवाज आला तिथे लाकडी तुळई. पेन्सिलीची खूण केली. खांद्यावरून आणलेलं ते लांब काहीतरी उलगडलं तर आतून चकचकीत पोलादी नळी निघाली, बोटींच्या कठड्याला लावतात ती, स्वतः घासून आरशासारखी केलेली. दोन्ही टोकांना जाड तबकड्या जोडून आणलेल्या. गॅरेजमध्ये काय चाललं होतं ते मार्नीला आता कळलं. तिने शिडी धरली. घरमालकाला विचारायला हवं होतं असं तिच्या मनात आलं, पण बोलली नाही.

"किती जाड लागते ते माहीत नव्हतं," आर्ने तोंडात खिळे धरल्यासारखे पुटपुटले. "आईने तुमच्या त्या क्लबला फोन करून विचारलं. ग्लेनिस म्हणून कुणी आहे. बराच वेळ बोलत होत्या दोघी."

बोल्ट आवळून झाले. आर्ने खाली उतरले, चष्मा खिशात ठेवला, नळी दोन्ही हातांनी धरली आणि पाय वर घेऊन लटकले. बासष्ट वर्षांचा, ग्रीसचे डाग पडलेल्या पँटमधला माणूस संथपणे अर्धा फेरा फिरला. तुळई कुरकुरली नाही.

"पेलेल," ते म्हणाले.

मार्नीला रडू आलं. तिने ते कॉफीच्या कपात लपवलं. आर्नेंना दिसलं असावं, कारण त्यांनी पाठ फिरवून अवजारं पुसायला घेतली.

मार्नी अजून पाइनकोनमध्येच आहे. तलाव पुन्हा सुरू झाला, तिथे आता शिट्टी वाजवणारा एक तरुण शिकवतो. एल्मर म्हणतात, त्याला आकडे नीट म्हणता येत नाहीत. जोलीन मध्ये एकदा बहिणीला घेऊन स्टेक खायला आली आणि ओडेसाशी गुडघ्यांविषयी दोन तास बोलली. आर्ने क्लबमध्ये कधी गेले नाहीत, जाणारही नाहीत. पण कूस बेच्या धक्क्यावर एका कोळ्याने त्यांना विचारलं, पोरगी काय करते हल्ली. आर्ने म्हणाले, "नाचते. खांबावर." कोळी हसायच्या बेतात होता. आर्नेंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मी करून पाहिलंय. अवघड असतं."