बोटांनी निवडलेला सीडी प्लेअर

शिंदखेड्याच्या इंदिराबाईंनी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले, आणि त्या चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला खोटं खोटं 'छान बसलंय' म्हटलं नाही. बाही चुकली तर चुकली म्हणायच्या, उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. तोंडाच्या फटकळ, पण हाताच्या पक्क्या. मशीन चालू असलं की शेजारी गाणं लागायचंच. नवऱ्यानं, म्हणजे भाईदास नानांनी, घरात टीव्ही आणला तेव्हा बाईंनी शिलाईच्या कमाईतून स्टिरिओ आणला. अॅम्प्लिफायर, दोन उंच स्पीकर आणि सीडी प्लेअर. नाना टीव्हीपुढे, बाई स्टिरिओपुढे, त्यामुळे संसारात भांडायला फारसं कारण उरलं नाही.

नाना गेले आणि दोनेक वर्षांत काचबिंदूनं बाईंची नजरही गेली. शिलाई मशीन कापडाखाली गेलं. गॅसपाशी जायला सुनेनं बंदी केली, घरापुढच्या ओट्याच्या पायऱ्या एकटीनं उतरायला मुलानं. दोघंही गुणी होते, जीव लावून जपत होते, आणि जपता जपता बाईंच्या हातातलं एकेक काम काढून घेत होते. उरला तो स्टिरिओ. तो मात्र बाई स्वतः लावायच्या.

सीड्या ओळखायची युक्तीही त्यांचीच. प्रत्येक पाकिटावर त्यांनी डिंकानं धान्याचे दाणे चिकटवले होते. हरभरा म्हणजे भजनं, तूर म्हणजे सिनेमाची गाणी, ज्वारी म्हणजे कानबाई देवीची आणि लग्नातली अहिराणी गाणी. बोट फिरवलं की सीडी कोणती ते कळे. दुपारचं जेवण झालं की बाई खोलीत जात, दार लोटून घेत आणि दोन तास घरातल्या कुणाला हाक मारत नसत. त्या दोन तासांत आपण आंधळ्या आहोत हे त्यांच्या ध्यानातही नसे.

तर असा तो प्लेअर एका दुपारी रुसला. ट्रे आत गेला, काहीतरी घरघरलं आणि सगळं गप्प. बाईंनी दुसरी सीडी घातली, तिसरी घातली. संध्याकाळी मुलगा, स्वप्नील, नरडाण्याच्या कंपनीतून आला, त्यानं पाहिलं आणि सांगितलं, "माय, 'नो डिस्क' म्हणस ते. जुनं व्हई गयं आते."

स्वप्नीलनं लगोलग नवं काहीतरी आणलं. बोललं की गाणं लावणारा डबा. बाईंनी त्याला नीट, मानानं, अहिराणीत सांगून पाहिलं. डब्याला अहिराणी येत नव्हती. मेघानं, सुनेनं, शुद्ध मराठीत सांगितलं तेव्हा त्यानं भलतंच वाजवलं. मेघा चाळीसगावची, बोलणं स्वच्छ, तरी ही गत. बाईंचा पारा चढला. "त्याची मनधरणी कोन करी? माले मनी सीडी लावनी शे." त्यानंतर तीन आठवडे गाणं ऐकायचं तर मेघाच्या मोबाइलवर. म्हणजे आधी हाक मारायची, मग तिचे हात मोकळे व्हायची वाट बघायची, मग 'जरा लावून दे ना' म्हणायचं. बाईंनी आयुष्यात कुणाला इतक्यांदा 'जरा' म्हटलं नव्हतं. तिसरा आठवडा सरता सरता त्यांनी मागणंच सोडलं. दुपारी नुसत्या पडून राहायच्या.

ते मेघाला बघवेना. तिनंच स्वप्नीलला टोकलं, आणि रविवारी मायलेक पाच सीड्या पिशवीत घेऊन बसनं धुळ्याला गेले. आग्रा रोडवरची चार दुकानं झाली. तिघांनी हसून नाही म्हटलं. चौथ्याकडे एक सीडी प्लेअर निघाला, चपटा, काचेसारखा गुळगुळीत. बाईंनी त्यावरून हात फिरवला. "बटनं कोठे शेतस?" बटणं नव्हतीच, काचेवर नुसत्या खुणा होत्या, त्या दिसल्या तर दाबायच्या. त्यावरही कडी म्हणजे, दुकानदारानं बाईंची सीडी घालून पाहिली तर तीही लागेना. दुसरी घातली, तीही नाही. पाचही झाल्या. त्याची स्वतःची सीडी मात्र खणखणीत वाजली.

"मावशी, सीड्याच गेल्या," तो म्हणाला. "वय झालं की मरतात त्या. प्लेअर घेऊन काय करणार?"

परतीच्या बसमध्ये बाई सीड्यांची पिशवी मांडीवर धरून बसल्या. सोनगीर मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "बठ्ठ्या गयात का रे? एकबी नही ऱ्हायनी?" प्लेअर आज ना उद्या कुठेतरी मिळाला असता, पण घरातल्या ऐंशी सीड्याच मेल्या असतील तर तो कशाला? आता आपण नुसतं जेवायचं आणि झोपायचं, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना खरोखर भीती वाटली. डोळे गेले तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी स्वप्नीलनं त्यांना रेल्वेनं जळगावला नेलं. त्याच्या कंपनीतल्या एकानं प्रेमराज मिस्तरीचं नाव सांगितलं होतं. जुने टेप, जुने प्लेअर दुरुस्त करून विकणारा हा गृहस्थ एका गल्लीत, वायरींच्या ढिगात बसलेला होता. बाईंनी या वेळी जुना प्लेअरही आणला होता. प्रेमराजनं आधी तो उघडला, मग पिशवीतली एक सीडी उजेडात तिरकी धरली, बोटानं पुसली आणि बोट नाकाशी नेलं.

"अक्का, हे एरंडेल आहे का?"

बाई म्हणाल्या, हो, आहे की. पाकिटावर धान्य आहे, धान्याला किडे लागतात. घरातल्या तूरडाळीला दरवर्षी लावतात तसं त्या पाकिटांवरच्या दाण्यांनाही महिन्याच्या महिन्याला एरंडेलाचा हात द्यायच्या. चार वर्षं एकही दाणा किडला नव्हता, हे त्यांनी अभिमानानंच सांगितलं.

प्रेमराज हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं समजावून सांगितलं की तेल पाकिटातून आत झिरपलं, बोटांवरूनही गेलं, सीड्यांवर थर बसला आणि त्यावर धूळ. तोच चिकटा प्लेअरच्या भिंगावरही गेला. स्वप्नीलनं कपाळाला हात लावला. प्रेमराजनं कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकला, सीडी धुतली, मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली आणि कपाटातल्या एका प्लेअरमध्ये घातली. क्षणभर घरघर झाली. मग दुकानभर टाळ-मृदंग वाजू लागला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मोकळ्या मनानं रडल्या. स्वप्नीलही रडायच्या बेतात होता, म्हणून तो उगाच गल्लीत जाऊन चहा सांगून आला.

जुन्या प्लेअरची मोटरही संपली होती, तेव्हा दुसरा घेणं आलंच. प्रेमराजनं तीन काढले. पहिल्याची सगळी बटणं एकसारखी, एका रांगेत. बाईंनी दोनदा चाचपला आणि बाजूला सारला. दुसऱ्याचा आवाज फार गोड, पण तो रिमोटशिवाय हलत नव्हता. तिसरा ओबडधोबड, एक कड पोचलेला. त्याचं चालू करायचं बटण अंगठ्याएवढं रुंद, दाबलं की कट्ट आवाज करणारं, आणि ट्रे सरळ, भरभक्कम.

"आवाज दुसऱ्याचा चांगला आहे, अक्का," प्रेमराज प्रामाणिकपणे म्हणाला.

"शे ना. पन तो लावाले दुसरा मानूस लागी," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोन्ही जरा बाहेर उभे ऱ्हा."

मोठे दोन पुरुष निमूट बाहेर उभे राहिले. आत ट्रे सरकल्याचा आवाज आला, मग कट्ट, मग गाणं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा बाईंनी हाक मारली आणि तिसराच बांधून द्या म्हणाल्या. प्रेमराजनं बजावलं की आता दाण्यांची भानगड नको. बाई म्हणाल्या, "मी शिलाईवाली शे. घरमा डबाभर बटनं शेतस."

आठवडाभर मेघा आणि बाई मिळून सीड्या धूत होत्या आणि नव्या कापडी पाकिटांवर बटणं, हुक टाचत होत्या. टाके बाईंचे, सुईत दोरा मेघाचा. सगळं झालं त्या दुपारी जेवणं आटोपली. बाई खोलीत गेल्या, तशी मेघा तीन आठवड्यांच्या सवयीनं ओले हात पुसत दाराशी आली.

"आई, लावून देऊ का?"

"नको," आतून आवाज आला. "तुले काय ऐकनं शे ते सांग. मी लावस."