नॉर्वेची वलांडी

बोईसरच्या वाचनालयात मी नुकतीच कामाला लागले होते. एका दुपारी चिंचणीची एक कोळीण रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून आत आली आणि तिच्यामागून समुद्राचा खारट, उन्हात तापलेला वासही आला. नाव तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

“बाय, नार्व्याचं पुस्तक हाय का? पोरगा तिथं आगबोटीवर जातो बोलतो. मी अजून हो बोलली नाय.”

मी भूगोलाचा जाडजूड ग्रंथ उघडून नॉर्वेची राजधानी, क्षेत्रफळ, खनिजे वाचून दाखवली.

“ते ठेव. मानसं कशी हायत ते बग.”

प्रवासवर्णनात नुसता बर्फच निघाला. अखेर जुन्या सचित्र मासिकांच्या गठ्ठ्यात एक छायाचित्र सापडले: निळसर, थंड उजेडात लाकडी दांड्यांची लांबच लांब रांग आणि त्यांवर जोडीजोडीने वाळत टांगलेले मासे.

ती वाकली. मनगटाला चिकटलेला एक खवला चमकला. मासळी सुकली की नाही हे चाचपावे तसे तिचे बोट चित्रावरून फिरले.

“मासली वालवायची वलांडी हाय की ही! पन शेपटाला बांदलंय. आमी बोंबलाच्या तोंडात तोंड अडकवतो.” ती पदराआड हसली. “शिकवील त्यांना माजा पोरगा.”

“म्हणजे जाऊ देणार?”

“मासली वालत घालनारी मानसं दारातल्याला उपाशी नाय ठेवत, बाय. जाऊं दे त्याला.”

पाटी डोक्यावर घेऊन ती बाजाराच्या गर्दीत मिसळली. तेव्हापासून कुणी एखाद्या देशाचे पुस्तक मागितले, की मी राजधानी नंतर शोधते. आधी विचारते, तिकडे तुमचे कोण चालले आहे?