डब्यातलं पिल्लू आणि आमच्या अक्का

आमच्या घरमालकीण अक्कांनी जन्मात एक तरी गोष्ट सरळ तिच्या नावानं सांगितली असेल, तर मी जुन्या हुबळीतल्या आमच्या सगळ्या गल्लीला जेवण घालीन. त्यांचं सगळं कशासारखं तरी असतं. आमटीत मीठ कमी पडलं तर तसं म्हणणार नाहीत, म्हणणार, "आमटी नव्या नवरीसारखी झालीय गं, दिसायला छान, पण तोंडातनं शब्द नाही." नळाला पाणी यायचं असलं की जिन्यात उभ्या राहून सांगणार, "नळ म्हणजे लांबचा जावई बघ. येणार येणार म्हणून भांडी घासून ठेवायची, आला की घटकाभर खाकरणार, टेकला न टेकला तोवर निघणार, आणि मग आठवडाभर घरात त्याच्याच गोष्टी." हे ऐकत मी अशी उभी राहायची की नळ येऊन जायचा आणि माझी घागर रिकामीच.

मी अळणावरकडच्या खेड्यातली, शाळा सातवीपर्यंत, त्यात घाबरट. आमचे हे लॉरीवर, निम्मा महिना बाहेर, वरच्या खोलीत मी आणि माझं पोरगं शिवू दोघंच. अक्का काय बोलतील ते मी खरंच धरायची. एकदा शिवूला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "हा उणकलच्या तळ्यासारखा आहे." झालं. तळ्यात माणसं बुडतात, हे काय बोलल्या अक्का, म्हणून मी दोन दिवस पोराला आंघोळच घातली नाही, ओल्या फडक्यानं पुसला नुसता. अक्कांना कळलं तेव्हा कपाळाला हात लावला त्यांनी. "अगं, तळ्यातलं शांतपण तेवढं घे की. पाणी कशाला उचललंस? ‘सारखं’ म्हणजे शेजारणीकडचं विरजण असतं पोरी. चमचाभर आणायचं, पातेलं उचलून आणायचं नाही." हेसुद्धा सांगितलं ते कशासारखं तरीच.

आणि मग त्या संध्याकाळी शिवू खोकायला लागला. असला खोकला मी कधी ऐकला नव्हता, श्वास घेताना पोराच्या गळ्याखाली खड्डा पडत होता, हे फोन उचलत नव्हते, मी तशीच अनवाणी खाली पळाले. अक्का पदर खोचून रिक्षात बसल्या. मी सगळ्या देवांना हाका मारत दवाखान्यात पोचले आणि तिथं पोरगं एकदम गप्प. खोकणं बंद. डॉक्टरांच्या पेनाकडं बघत बसलं. डॉक्टर म्हणाले, "हेंग केम्मताना?" कसा खोकतो, म्हणून. आता मला नाव कुठं ठाऊक. वाटलं, आता डॉक्टर सर्दी म्हणून घरी पाठवणार आणि वाटेत माझं पोर जाणार.

अक्का पुढं सरसावल्या. "डॉक्टर, खोकला म्हणजे जुन्या सिटी बससारखा बघा. उणकलच्या चढावर गिअर पडत नाही, गाडी घरघर करते, कंडक्टर खाली उतरतो, माणसं म्हणतात—"

"नाही अक्का," मी म्हटलं. त्यांना मधेच तोडायची ती माझी पहिलीच वेळ. "बस नाही. बस घरघरते, हा भुंकतो. कुत्र्याचं पिल्लू रिकाम्या डब्यात तोंड घालून भुंकतं की नाही, तसा. आणि श्वास आत घेताना विहिरीची कोरडी कप्पी ओढल्यासारखं वाजतं. सोडताना नाही वाजत."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "आत घेतानाच?"

"आत घेतानाच."

मग पटापट सगळं झालं. गळ्यात आतनं सूज आहे, वेळेवर आणलंत, म्हणाले. औषध पाजलं, नाकाला वाफ लावली, समोरच बसवून ठेवलं. तेवढ्यात शिवू खोकला. डॉक्टर हसले, "डब्बी नायी!" डब्यातलं कुत्रं. हळूहळू गळ्याचा खड्डा भरला, कप्पी थांबली, आणि पोरानं नर्सकडं बिस्किट मागितलं. तेव्हा मी रडले. पोटभर.

परत येताना मी म्हटलं, "अक्का, रागावलात?"

"छे. माझी बस भलत्याच स्टॉपला चालली होती. तुझं बरोबर बसलं." मग रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "मी मिरजेची. लग्न होऊन इथं आले तेव्हा कानडीतला ‘हंग’ एवढाच शब्द येत होता. हंग म्हणजे सारखं. जिरं पाहिजे तर बडीशेप दाखवायची आणि म्हणायचं, हिच्या हंग, आणि बोटानं दाखवायचं, पण बारीक. दुकानदार हसायचा, पण द्यायचा. वस्तूंची नावं पुढं आली, सवय तेवढी राहिली."

शिवू आता जिन्यावरनं धावतो, माझी अजून घाबरगुंडी उडते, पण ती वेगळी. अक्कांच्या डोक्यातनं मात्र वस्तूंची नावं आता एकेक गळायला लागलीत, मराठीतलीसुद्धा. परवा केस मोकळे सोडून जिन्याशी आल्या, हात हवेत तसाच. "पोरी, ते दे गं... केसांतनं नांगरासारखं चालतं ते."

मी आतनं फणी आणली, नाव काही घेतलं नाही. त्यांना पायरीवर बसवलं आणि मागं बसून वेणी घालायला लागले.