तांब्याच्या पाइपावरची हाक

आमच्या आत्याला ऐकू येत नव्हतं, पण तिला बोलवायला कुणाला जिना चढावा लागत नसे. स्वयंपाकघरातल्या बॉयलरपासून वरच्या न्हाणीघरापर्यंत तांब्याचा पाइप भिंतीवरून उघडाच गेला होता आणि वाटेत तो आत्याच्या खोलीतून जायचा. तिचं शिलाई मशीन त्याला लागूनच. खाली आईने पाइपावर चमच्याने दोन ठोके दिले की वर आत्याच्या टेकलेल्या दंडाला ते कळायचे. मग ती शिवताना बोटात घातलेलं धातूचं अंगुस्तान पाइपावर आपटायची, म्हणजे आलेच. बाबांनी काढलेली ही युक्ती. बाबा गेले, युक्ती राहिली.

आत्याचे कान तरुणपणीच्या तापात गेले आणि ठरलेलं लग्नही त्यांच्याबरोबर गेलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पडदे, उशांचे अभ्रे, शेजारपाजारचे कपडे शिवत राहिली. समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं समजायचं, आणि समजून घ्यायचं नसलं की ती सुई ओवायला घ्यायची. खाली आल्यावर रोज एकच वाक्य: "वहिनी, जरा हळू वाजवत जा. मी काय बहिरी आहे?" आई रोज हसायची असं नाही, पण त्या वाक्याशिवाय ताट वाढायची नाही.

पाइप आता थकला होता. सांध्यांवर हिरवी पूड, बारीक छिद्रं. एक बुजवावं तर दुसरं पाझरायचं, खालच्या छताला ओल धरली होती. दादाने प्लंबरला बोलावलं. त्याने हल्लीचा लवचीक प्लास्टिकचा पाइप आणला, वेटोळं घातलेला, हवा तसा वळणारा, मध्ये एकही सांधा नाही. आत्याने एकदाच विचारलं, "तांबं काढायलाच हवं का?" दादाने तिच्यासमोर बसून तिला ओलीचं सगळं समजावलं. तिने मान डोलावली आणि सुई ओवायला घेतली.

काम उत्तम झालं. नळाची धार वाढली, छत सुकायला लागलं, आणि घरात अबोला सुरू झाला.

आत्या जेवायला वेळेवर येईना. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उतरायची, झाकलेलं ताट उघडायची, मुकाट जेवायची. तिचं ते वाक्यही बंद झालं. आई म्हणे, पाइप काढला म्हणून वन्सं रुसल्या. "बोलावणं करून झालं, आता काय पालखी पाठवू?" हे ती ओट्याकडे तोंड करून बोलायची, त्यामुळे आत्याला फक्त पाठ दिसायची. दोघीही साठीच्या पुढच्या, पण माघार कोण घेणार? मी संध्याकाळी देवापुढे बसायचे तेव्हा नाव देवाचं आणि मन वरच्या खोलीत.

एका रविवारी वर गेले तर आत्या बॅग भरत होती. धाकट्या बहिणीकडे निघाली होती, आणि परत कधी येणार हे विचारलं तर तिने माझ्या ओठांकडे बघायचंच टाळलं. मग म्हणाली, "कुणाचं काही चुकत नाही गं. माणूस जुनं झालं की बोलावणं कमी होतं."

मी नुसती तिच्या साड्यांच्या घड्या घालून देत बसले. बऱ्याच वेळाने खाली आले, तर आई हातात चमचा घेऊन उभी.

"मघापासून वाजवतेय. तुलाही ऐकू येईना झालं का?"

मला तर चांगलं ऐकू येतं. मी त्या पाइपाला टेकूनच बसले होते आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आईला म्हटलं, पुन्हा वाजव. तिने वाजवलं. उशीवर थापटावं तसा आवाज आला आणि तिथेच जिरला. इतके दिवस आई हाताच्या सवयीने त्या मुक्या पाइपावर हाका मारत होती, आणि वर आत्या हाकेची वाट बघत होती. आई चमचा धरून तशीच खुर्चीवर बसली.

जुन्या पाइपाचे तुकडे अजून अंगणात पडले होते. दादाने प्लंबरला पुन्हा बोलावलं. त्याने चांगले तुकडे निवडून डाग देऊन जोडले आणि नव्या पाइपाच्या शेजारून, ओट्यापासून आत्याच्या मशीनपर्यंत भिंतीला पक्के बसवले. "पण यातून पाणी न्यायचं कुठे?" त्याने विचारलं. दादा म्हणाला, "कुठेच नाही. याला दुसरं काम आहे."

आत्या दारात उभी राहून बघत होती. बॅग पलंगावर बांधून तयार. मी तिचा हात धरून तांब्यावर ठेवला. खालून दोन ठोके आले. तिने हात तसाच ठेवला, डोळे मिटले. मग घाईघाईने मशीनचा खण उघडला, टेबल चाचपलं. अंगुस्तान बॅगेत, अगदी तळाशी गेलं होतं. तोवर आईने पुन्हा वाजवलं, जरा जोरातच. आत्याने बॅग पलंगावर पालथी केली.

खाली आली तेव्हा आई तिच्याकडे पाठ करून उभी नव्हती.

"वहिनी, जरा हळू. मी काय बहिरी आहे?"

"जेवण गार झालंय, वन्सं," आई एकेक शब्द नीट दिसेल असं म्हणाली. "बसा."