माझ्या टाचंकडं बघ

आटपाडीकडच्या माळावरच्या माणसाला चढ ठाऊक असतो तो एसटीच्या पायरीचा. हे अर्जुना हवालदार स्वतःच सांगायचा आणि सांगताना स्वतःच आधी हसायचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली ती सपाट रानात. आणि हा गडी फौजेत जाऊन पोचला कुठं, तर कारगिलच्या सुळक्यांवर! पहिल्याच दिवशी दरीत डोकावला आणि गुडघे लटलटायला लागले.

त्याच्याच तुकडीत नाथाजी होता, मेढ्याच्या डोंगरातला. चालायला शिकला तोच चढणीवर. तो म्हणाला, "गड्या, खाली बघू नगंस, वर बी बघू नगंस. माझ्या टाचंकडं बघ आन् पाय उचलत ये." त्या दिवसापासून अर्जुना त्याच्या बुटांच्या टाचा धरून डोंगर चढू लागला.

नाथाजीच्या पायाला भाताच्या चिखलानं बोटबोट भेगा. बूट काढले की म्हणायचा, "आमची आय म्हणती, तुझ्या टाचंत भात लावला तर उगवंल." मग दोघं खो खो हसत बसायचे. त्या थंडीत हसण्याएवढं उबदार दुसरं होतं तरी काय?

आणि ज्या शिखरावरून शत्रू खालच्या रस्त्यावर आग ओकत होता, तिथं दोर घेऊन पहिला चढला तोही नाथाजीच. गोळी लागली, तरी दोर खडकाला पक्का बांधला, मगच पडला. त्या दोराला धरून बाकीचे वर गेले आणि ठाणं घेतलं. अर्जुनाच्या मांडीत गोळी रुतली होती. तशात त्यानं, अधू कोकरू आणावं तसं, नाथाजीला मानेवर घेऊन खाली आणलं. एवढं मात्र तो कुणाला सांगत नसे.

तेव्हापासून दर जुलैत मेढ्याजवळच्या नाथाजीच्या गावात, शाळेजवळच्या स्मारकापाशी सोहळा होतो आणि अर्जुना आटपाडीहून यायचा चुकत नाही. सुवासिनी त्याला ओवाळतात, फेटा बांधतात. तो नाथाजीच्या खोड्या सांगून मांडव हसवतो. आणि नाथाजीची आई शालूबाई? ती पार मागं, नळाजवळ उभी. विधवा बाईनं औक्षणाला पुढं येऊ नये म्हणे! जिच्या लेकाचा मान, तीच मानापासून लांब. गावात कुणी दुष्ट नव्हतं हो, पण कुणाला ते खटकतही नव्हतं. अर्जुनाला मात्र दरवर्षी तो फेटा डोक्याला बोचायचा.

यंदा निघताना त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं, तंबीच दिली. "आयेला म्होरं आणा. न्हाईतर फेटा तिकडंच ठिवा आन् तुमी बी तिकडंच ऱ्हावा."

स्मारकाला हात जोडायचे म्हणून अर्जुना अनवाणीच स्टेजवर चढला होता. फेटा बांधून झाला, ओवाळणीची ताटं आली. तो मागं सरला.

"आयेनं ओवाळल्याबिगर मी वाकणार न्हाई."

सरपंच लालासाहेब चुळबुळले. "अर्जुनराव, आपली रीत..."

"आवं सरपंच, गोळी लागली तवा नाथानं रीत इचारली का? घरात आय एकलीच हाय, म्होरं कसा जाऊ, म्हनला का?"

लालासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. मग सुनेच्या हातातलं ताट स्वतः घेऊन म्हणाले, "वैनी, या. चुकलंच आमचं."

सगळ्या माना नळाकडं वळल्या. शालूबाईनं पदर तोंडावर ओढला. "नगं रं बाबा. माझ्या हातानं तुझं वाईट व्हायचं."

एवढ्या वर्षांत अर्जुनाला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. तो खाली उतरला, चिखलातनं तिच्यापाशी गेला. ती पायरीपर्यंत कशीबशी आली आणि थबकली. समोर अख्खा गाव बघत होता. तिचे गुडघे लटलटत होते; हे लटलटणं त्याच्या ओळखीचं होतं.

"आये, खाली बघू नगंस, माणसांकडं बी बघू नगंस," तो हळूच म्हणाला. "माझ्या टाचंकडं बघ आन् पाय उचलत ये."

तो पुढं, ती मागं. एक पायरी, मग दुसरी. वर आल्यावर लालासाहेबांनी ताट तिच्या हातात दिलं. अर्जुना वाकला. निरांजन तीनदा फिरलं, ज्योत थरथरली पण विझली नाही. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, आता ही रडणार म्हणून.

शालूबाई अजून त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडंच बघत होती.

"मेल्या," ती म्हणाली, "तुझ्या टाचंत भात लावला तर उगवंल की रं!"

मांडवात हशा पिकला. अर्जुनाही हसायला गेला, आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत राहिला.